बटणच्या कानाला पट्टी

ताई आणि तिचा धाकटा भाऊ वर्षातून एकदाच भेटत, आणि तेही कुत्र्यांच्या निमित्ताने. हसू नका, खरं आहे. एका पांघरुणासाठी भांडत वाढलेली ही सख्खी भावंडं. पण वडील गेले तेव्हा दोघांत जे झालं, त्यानंतर एकमेकांच्या दारात सरळ जाऊन उभं राहण्याची सोय उरली नव्हती.

काय झालं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हातारपणी वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं. माणूस उंचापुरा, हाडाने जड. ताईला दिवसभर लॉन्ड्री सांभाळायची, तिचे यजमान बसवर कंडक्टर, आणि धाकटा परमुलखात उंच उंच इमारतींना लिफ्ट बसवत हिंडत होता. झेपलं तोवर ताईने वडिलांना उचललं, बसवलं, पुसलं. मग एकदा ते तिच्या हातून निसटून पडले आणि तिचा धीरच सुटला. तिने त्यांना शुश्रूषागृहात ठेवलं आणि ते तिथेच गेले. धाकटा पोचला तो सगळं आटोपल्यावर, आणि चार माणसांत म्हणाला, "ताई, तू बाबांना टाकलंस." ताईनेही मग ठेवणीतलं सगळं बाहेर काढलं. धाकटा पडला नाकावर माशी बसू न देणारा. तो उठला, बूट चढवले आणि गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

ही कोंडी फोडली डॉक्टरणीने. डॉक्टरीण म्हणजे जनावरांची डॉक्टर, दोघांचीही लहानपणापासूनची मैत्रीण, एकाच गल्लीत धूळ खाल्लेली. तिला एका गटाराच्या पाइपात तीन पिल्लं सापडली. आई गाडीखाली गेलेली. एक तिने स्वतः ठेवलं. दुसरं घेऊन ती ताईकडे आली आणि म्हणाली, याला कुणी घेत नाही, तू नाही म्हणालीस तर हे मरेल. तिसरं घेऊन, एव्हाना परमुलखातून परतलेल्या धाकट्याकडे गेली आणि शब्दाचाही फरक न करता तेच म्हणाली. पिल्लं दोन्ही घरांत रुळली, तसं तिने दोघांना फोन करून बजावलं, की सख्ख्या भावंडांना वर्षातून एकदा तरी एकमेकांना दाखवावं लागतं, नाहीतर कुत्री मनाने खचतात. असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ते डॉक्टरणीला ठाऊक होतं, ताईला ठाऊक होतं, धाकट्यालाही ठाऊक होतं. पण डॉक्टरांचा शब्द मोडायचा कुणी?

तर अशी ती भेट सुरू झाली, लॉन्ड्रीच्या सुट्टीच्या दिवशी, दुकानामागच्या ताईच्या घरात. ताईच्या कुत्र्याचं नाव डाग, कारण पांढऱ्या अंगावर एकच काळा ठिपका, आणि तो काही केल्या निघणार नव्हता. डॉक्टरणीची गोळी. धाकट्याचा बटण. बटण तपकिरी, आणि त्याचा डावा कान अर्धाच. उरलेला पाइपात उंदरांनी नेला होता. पहिल्या वर्षी भाऊ-बहीण कुत्र्यांमार्फत बोलले. "बटणला विचार, चहा घेणार का." "डागला सांग, साखर कमी." बिचारी कुत्री एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. पुढे ते थेट बोलायला लागले, फोनही करायला लागले, पण विषय कुत्र्यांचाच. बटणचं पोट, डागच्या गोचिडी. ताईला भावाची ख्यालीखुशाली कळायची ती अशी आडून. बटण फिरायला जातो म्हणजे धाकटा चालतो-फिरतो आहे. बटण रात्री झोपत नाही म्हणजे धाकटाही जागाच असतो.

या वर्षी मात्र फोन आटले होते. बटणचे मागचे पाय लटपटतात, एवढं कळलं होतं, त्यानंतर काही नाही. यंदा हा येत नाही, असं ताईने मनाशी धरलं आणि ती चिडचिडी झाली. गिऱ्हाइकाच्या कोटावर नसलेले डाग तिला दिसायला लागले. आणि मग भेटीच्या आदल्या दिवशी धाकट्याचा फोन आला, "येतोय." ताई त्या दिवशी कंडक्टरांवर एकदाही ओरडली नाही. त्यामुळे कंडक्टरांना जरा काळजीच वाटली.

दुसऱ्या दिवशी धाकटा दारात उभा राहिला. हातात साखळी, साखळीला तपकिरी कुत्रं, आणि कुत्र्याच्या डोक्याला हनुवटीखालून वर अशी पांढरी पट्टी गुंडाळलेली, दाढ दुखणाऱ्या माणसासारखी.

"कानात पू झालाय," धाकटा आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणाला. "पट्टी काढायची नाही म्हणून सांगितलंय."

ताईने खाली बघितलं. अहो, आंधळ्यालाही दिसलं असतं. बटणचं तोंड गेल्या वर्षीच पांढरं झालं होतं. याचं तोंड नुकत्याच पॉलिश केलेल्या बुटासारखं. बटण घरात शिरला की आधी उसासा टाकायचा आणि मग बसायचा. हे कुत्रं आत आलं, खुर्चीवर चढलं, खुर्चीवरून टेबलावर गेलं, बिस्किटांची बशी चाटूनपुसून साफ केली आणि खाली उडी मारून डागच्या शेपटीला लोंबकळलं.

ताईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "मागचे पाय कसे आहेत रे याचे?"

"आता बरे आहेत," धाकटा म्हणाला. "औषध लागू पडलं."

मागून कंडक्टरांनी घसा खाकरला. आता या गृहस्थांबद्दल सांगायला हवं. आयुष्यभर पुढचा थांबा ओरडून सांगण्याचा पगार घेतलेला माणूस. निवृत्त झाले तरी तोंडात तीळ भिजत नाही. डोळ्यांना दिसलं की ते तोंडातून बाहेर पडलंच पाहिजे. ते तोंड उघडताहेत हे ताईने पाठमोरं असूनही ओळखलं, त्यांचा दंड धरला आणि त्यांना इस्त्रीच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं.

"अगं, तो बटण नाही," कंडक्टर म्हणाले, त्यांच्या समजुतीप्रमाणे हळू आवाजात. वर, ते आत्ताच दाराशी खांबाजवळ लघवीला बसलं तेव्हा मी बघितलंय, तो तर 'तो'सुद्धा नाही, अशी पुस्ती जोडली.

ताईने त्यांना सांगितलं, की मला डोळे आहेत. पण बटण गेला असणार, आणि तो गेला म्हटल्यावर याला यायला निमित्त उरलं नाही, म्हणून या वेड्याने दुसरं कुत्रं सजवून आणलंय. आपण तोंडावर बोललो तर हा शरमेने उठेल, बूट घालेल आणि जाईल. एकदा गेला तेव्हा किती वर्षं गेली ते तुम्ही बघितलंय. आता गेला तर माझ्या मयतीलाच येईल. तेव्हा झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या. कंडक्टरांनी मान हलवली. त्यांच्या कपाळावर आत्ताच घाम फुटला होता, आणि अजून जेवणही व्हायचं होतं.

तेवढ्यात गोळीला घेऊन डॉक्टरीण आली, आणि इथे धाकट्याच्या हुशारीचं पितळ उघडं पडायची वेळ आली. काय आहे, की माणूस घाबरला की एकाच बाजूचा विचार करतो. कान अर्धा नाही हे लपवायला पट्टी बांधली, हे ठीक. पण ज्या घरात जनावरांची डॉक्टरीण जेवायला येणार, तिथे कुत्र्याचं खोटं दुखणं घेऊन जाणं म्हणजे चोराने चोरीचं घड्याळ फौजदाराच्या हातात बांधण्यातली गत. डॉक्टरणीने पिशवी खाली ठेवली, चष्मा चढवला आणि बघू म्हणाली. धाकटा मधे पडला. त्याच्याकडच्या डॉक्टरांनी हात लावू नका म्हणून सांगितलंय, फार नाजूक आहे, वगैरे. डॉक्टरणीने पट्टी सोडली नाही, पण ओठ वर करून दात बघितले. बटण आता म्हाताऱ्यांत जमा असायला हवा होता. दात मात्र मोत्यांसारखे.

तिने मान वर करून ताईकडे बघितलं. ताईने डोळ्यांनी विनवणी केली. डॉक्टरीण लहानपणापासून तिची मैत्रीण उगीच नव्हती.

"दात फार छान ठेवलेस हो याचे," डॉक्टरीण धाकट्याला म्हणाली.

मग स्वयंपाकघरात तिघांची गुप्त बैठक झाली. डॉक्टरणीचं म्हणणं, की खोटं बोलायला मला हरकत नाही, ही भेटच मुळात माझ्या खोट्यावर उभी आहे. पण ती पट्टी त्या पोरीच्या हनुवटीखाली काचते आहे. जखम मांडीला नि मलम शेंडीला म्हणतात, इथे तर जखमच नाही. शेवटी असं ठरलं, की डॉक्टरणीने पट्टी सैल करायची, काढायची नाही, आणि सगळ्यांनी वेड पांघरून पेडगावला जायचं.

बाहेर कुत्र्यांचं त्यांच्या परीने चाललंच होतं. डाग आधी गुरगुरला, मग त्या कार्टीने त्याला टेबलाभोवती इतकं पळवलं, की गुरगुरायला दमच उरला नाही. गोळीला आता नीट दिसत नव्हतं. तिने नवीन पाहुणीचं तोंड हुंगलं, शेपूट हलवली आणि तिच्यापुरती भावंडांची भेट पार पडली.

जेवताना मात्र सगळ्यांचा संयम सुटत चालला. माणसं वाईट नव्हती हो, पण अशी संधी रोज मिळते का? डॉक्टरीण म्हणाली, बटण या वयात अगदी तरुण दिसतो, तू त्याला काय खायला घालतोस ते मला लिहून दे, मी स्वतः खाईन. ताई म्हणाली, उंचीही कमी झालीय का रे? धाकटा ताटातून मान वर न करता म्हणाला, की म्हातारपणी माणूस आक्रसतो, तसं कुत्रंही. कंडक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी तोंडात बटाटा कोंबला होता आणि तो संपला की लगेच दुसरा कोंबत होते. एकदा बटाटे संपले. तेव्हा ते उठून, हवा खाऊन येतो म्हणाले आणि मागच्या अंगणात जाऊन एकटेच काहीतरी पुटपुटून आले.

ताईलाही मजा येत होती, खोटं कशाला बोलू. पण मग तिची नजर टेबलाखाली गेली. डाग धाकट्याच्या पायाशी बसला होता आणि धाकट्याचा डावा हात त्याच्या पाठीवर होता. खाजवत नव्हता, थोपटत नव्हता, नुसता ठेवलेला. म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीचं हाड हाताला लागतं, तिथे त्याची बोटं थांबली होती. वर टेबलावर हा बटणच्या नव्या औषधाच्या थापा मारत होता, आणि खाली बटणच्या भावाला धरून बसला होता.

ताईने हातातला घास ताटात ठेवला. आपण याला घालवू नये म्हणून गप्प बसलो, पण गप्प बसून काय करतोय? याच्या घरातलं माणूस गेल्यासारखंच आहे, आणि आपण जेवताना त्याची थट्टा करतोय. वडील गेल्यावर ती महिनोन् महिने काउंटरवर उभी राहून गिऱ्हाइकांना 'सगळं छान' म्हणत होती, ते तिला आठवलं. तेव्हा कुणी एकाने तरी विचारलं असतं, तर किती बरं झालं असतं. आणि ज्याने विचारायला हवं होतं, तोच हा समोर बसलेला. क्षणभर तिला त्याचा रागही आला. मग त्याच्या खांद्यांकडे बघून तो राग गेला. गेल्या वर्षीपेक्षा ते बरेच खाली आले होते.

जेवणं झाली तशी धाकट्याच्या हाताला चैन पडेना. वाफेच्या इस्त्रीचं पायाखालचं पेडल दाबलं की करकरतं, हे त्याला गेल्या वर्षीपासून टोचत होतं. तो पान्हा घेऊन इस्त्रीच्या खोलीत खाली बसला. ताई त्याच्यामागे गेली. डॉक्टरणीने कंडक्टरांना भांडी घासायला लावलं. ताई कपड्यांच्या रांगेजवळ उभी राहिली, एक कोट उगीच नीट केला, मग बोलली.

"बटण कधी गेला रे?"

पान्हा थांबला. धाकटा उठला नाही. तो उठला असता तर ताईने दार अडवलं असतं, तिची तयारी होती. पण तो बसूनच राहिला, तोंड इस्त्रीकडे करून.

"थंडी संपता संपता," तो म्हणाला.

"फोन नाही केलास."

त्याने सांगितलं, की केला होता, उचलायच्या आत ठेवून दिला. एकदा नाही, बऱ्याचदा. काय सांगणार होता तो? कुत्रा गेला, आता आपलं नातं काय? बटणची गोधडी आणि वाडगा कुणाच्या तरी उपयोगी पडावा म्हणून तो अनाथ कुत्र्यांच्या निवाऱ्यावर द्यायला गेला, आणि तिथे ही बया त्याच्या बुटाची नाडी सोडून बसली. तिला आणलं ते खोटं बोलायला नव्हे. पट्टीची अक्कल वाटेत आली. येताना एका औषधाच्या दुकानासमोर थांबला आणि वाटलं, एक वर्ष निभेल. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

ताई त्याच्याशेजारी जमिनीवरच बसली. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिने लक्ष दिलं नाही. तिने त्याला विचारलं, त्रास झाला का बटणला.

मग धाकटा बोलायला लागला तो थांबेना. बटणचे मागचे पाय गेले. लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नाही, ही गल्लीतली जुनी थट्टा. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उचलून जिने उतरायचे, उचलून चढायचे. कुत्रा कसला, वासरू होतं ते. रात्री अंथरूण ओलं, ते बदलायचं. कामावरून पळत घरी यायचं. कंबर धरली तरी उचलायचा. शेजारचे म्हणायचे, दवाखान्यात ठेव, आणि हा त्यांच्या अंगावर जायचा.

"एकदा जिन्यात हातातून सुटला," तो म्हणाला. "ओरडलापण नाही गं. नुसता माझ्याकडे बघत राहिला, की काय झालं तुला. दुसऱ्या दिवशी मी त्याला दवाखान्यात ठेवला. तिथेच गेला. मी कामावर होतो." त्याने पान्हा खाली ठेवला. "मी टाकलं नव्हतं ताई त्याला."

"ठाऊक आहे रे मला."

"तूही नव्हतं टाकलंस," धाकटा म्हणाला.

ताई रडली. चारचौघांत डोळ्याला पदर लावण्यासारखं नाही, चांगली हुंदके देऊन रडली, गिऱ्हाइकाच्या धुतलेल्या शर्टाला नाक पुसून, आणि तो शर्ट पुन्हा धुवावा लागणार हे ठाऊक असून. इतकी वर्षं ती स्वतःला समजावत आली होती, की माझं काही चुकलं नाही, मला कुणाचा दाखला नको. नको कसा? हवाच होता, आणि याचाच हवा होता. धाकट्याला रडणाऱ्या बायकांचं काय करायचं ते कधीच कळलं नाही. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तेलकट, आणि तिने तो झिडकारला नाही.

दार किलकिलं झालं. कंडक्टरांचं डोकं आत आलं, साबणाच्या हातांसकट.

"म्हणजे आता मी बोललं तर चालेल?" त्यांनी विचारलं.

चालेल म्हणताच त्यांनी सकाळपासून साठलेलं सगळं एका दमात काढलं. शेपटीचा फरक, डोळ्यांचा रंग, लघवीची पद्धत, टेबलावरची उडी, आणि शेवटी हेही, की मला बटण फार आवडायचा, तो माझ्या पायावर पाय ठेवून झोपायचा, आणि सकाळपासून मला त्याच्यासाठी वाईट वाटतंय पण वाटूनही घेता येत नव्हतं. एवढं बोलून ते स्वतःच डोळे पुसायला लागले आणि डोळ्यांत साबण गेला.

डॉक्टरणीने पट्टी सोडली. आतून दोन धडधाकट कान उभे राहिले आणि त्या कार्टीने इतकं जोरात डोकं झटकलं, की गोळी दचकली. तिला अजून नाव नव्हतं. आजवर कुत्र्याचं नाव ठेवायचा मान एकदाही मिळाला नाही म्हणून कंडक्टरांनी हट्टच धरला आणि तिचं नाव तिकीट ठेवलं. ही काही कुणाची सख्खी बहीण नाही, मग भेटीचं काय करायचं, असं धाकट्याने अर्धवट थट्टेत विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, दत्तक भावंडांना वर्षातून एकदा भेटून अजिबात भागत नाही, त्यांचं फार जपावं लागतं. तिने हे शास्त्र तिथल्या तिथे उभ्या उभ्या तयार केलं.

उन्हं कलली तसा धाकटा निघाला. डॉक्टरीण आणि कंडक्टर तिकीटच्या तोंडातून धाकट्याचा मोजा सोडवत होते. तोवर ताई त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेली.

"पुढच्या रविवारी ये," ती म्हणाली.

धाकट्याने मागे घराकडे बघितलं. आत काहीतरी फुटल्याचा आवाज आला. "हिला आणू, की नको?" त्याने विचारलं. "ही आली की तुझं घर उरायचं नाही."

"आणायची तेव्हा आण. एकदा हात हलवत ये," ताई म्हणाली. "नुसता."